जनरल बॉडी

सकाळी सव्वाआठला मीरा रोडच्या प्लॅटफॉर्मवर आपल्या करंगळीवर कुणीतरी उभं राहतं. उभा राहणारा दुष्ट नसतो. त्याच्याही करंगळीवर कुणीतरी उभं असतं, आणि ही परंपरा प्लॅटफॉर्मच्या चर्चगेटकडच्या टोकापासून विरारकडच्या टोकापर्यंत अखंड चालू असते. तेव्हा तो कोण होता, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. त्या क्षणी आपल्या आत जी धावपळ उडते ती खरी बघण्यासारखी. पण तेवढ्यात गाडी येते आणि बघायचं राहून जातं.

पहिलं काम मेंदूला न विचारताच उरकलं जातं. करंगळीतून निघालेला निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि 'पाय उचल' हा हुकूम तिथूनच परत सुटतो. मेंदूला हकिकत मागाहून कळते. तव्याला बोट लागलं की हात आपोआप मागे येतो, त्यातलाच हा प्रकार. पायाच्या बाबतीत मज्जारज्जू आणखी एक दूरदृष्टी दाखवतो. एक पाय उचलताना दुसऱ्या पायाचे स्नायू तो स्वतःहून ताठ करतो, म्हणजे माणसाचा तोल जाऊ नये. उत्क्रांतीने लाखो वर्षं खपून बसवलेली ही सोय मीरा रोडला साफ फुकट जाते. सव्वाआठला तिथे पडायला जागाच नसते. दोन्ही पाय उचलले तरी माणूस उभाच राहतो. अडचण पाय खाली टेकवताना येते, कारण तोवर खाली दुसऱ्या कुणाची तरी करंगळी येऊन थांबलेली असते.

मग दुखतं. आणि दोनदा दुखतं. आधी एक टोकदार कळ, विजेसारखी येऊन जाणारी. आपल्याला वाटतं, चला, थोडक्यात निभावलं. मग सेकंदाभराने खरं दुखणं येतं, मंद, जळजळणारं, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं बैठक मारून. करंगळी तीच, बूट तोच, मग दुखणं दोन हप्त्यांत का?

ज्याने भाईंदर ते चर्चगेट हा प्रवास केला आहे त्याला हे समजावायला वेगळा मास्तर नको. मज्जातंतूंमध्येही फास्ट आणि स्लो असतात. काही तंतूंवर मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण असतं आणि त्या वेष्टणात ठरावीक अंतरावर फटी असतात. निरोप एका फटीवरून थेट पुढच्या फटीवर उडी मारतो. बोरिवली, अंधेरी, वांद्रे, दादर. जे तंतू उघडे असतात त्यांतला निरोप इंचाइंचाला थांबत, प्रत्येक स्टेशन घेत येतो. पहिली कळ आणणारे बारीक वेष्टणाचे तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर जातात. जळजळ आणणारे उघडे तंतू सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालीने. शरीरातले सगळ्यांत जाड तंतू, जे स्नायूंची खबरबात नेतात, ते सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातात. ताशी चारशे तीस किलोमीटर! भाईंदरपासून चर्चगेट साधारण ४३ किलोमीटर. या वेगाने सहा मिनिटांत पोचता येईल. आणि त्या जळजळीच्या तंतूवरून निघालो तर बारा तास लागतील, म्हणजे रविवारच्या मेगाब्लॉकपेक्षा फार काही जास्त नाही. एक फरक मात्र मान्य करायला हवा. मज्जातंतूंमध्ये फास्टवाले निरोप मधल्या स्टेशनवाल्यांना 'ये विरार फास्ट है, भाईंदरवाले पीछे हटो' म्हणून दारातून ढकलून देत नाहीत.

हा वेग पहिल्यांदा मोजला हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने, १८५० साली, बेडकाच्या पायात. उत्तर आलं सेकंदाला साधारण २७ मीटर. त्याचे गुरू योहानेस म्यूलर यांना वाटत होतं की हा वेग मोजणं माणसाला कधी जमणारच नाही. म्हणजे बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी १८५३ साली धावली, त्याच्या तीन वर्षं आधी बेडकाच्या पायातली गाडी किती वेगात जाते हे ठरलं होतं. ठाणे जिल्ह्यात गाडी नेमकी कधी येणार, हे ठरायचं अजून बाकी आहे.

तर करंगळी दुखली. आता तोंड उघडतं. मीरा रोडला भांडण हिंदीत करायची पद्धत आहे. समोरचा गुजराती आहे, उत्तर भारतीय आहे, मारवाडी आहे की मालवणी, हे पाठीकडून ओळखू येत नाही, आणि गर्दीत प्रत्येकाची ओळख पाठीकडूनच होते.

"दिखता नहीं क्या?"

"आप पीछे लो ना पैर।"

"पीछे किधर लूँ? पीछे आदमी है।"

"मेरे भी पीछे आदमीच है!"

एवढ्या चार वाक्यांच्या अवधीत आत काय उलथापालथ होते बघा. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक ॲड्रिनल ग्रंथी बसलेली आहे. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या आतल्या गाभ्याला मज्जातंतू थेट जोडलेले आहेत. त्यांनी इशारा दिला की काही सेकंदांत ॲड्रेनॅलिन रक्तात उतरतं. हृदयाचे ठोके वाढतात, श्वासनलिका रुंदावतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. यकृत साठवणीतली साखर बाहेर काढून रक्तात ओततं. कातडीकडचं आणि पोटाकडचं रक्त कमी करून ते हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं. लाळ आटते, म्हणून भांडताना घशाला कोरड पडते. तळहाताला घाम फुटतो. मानेवरचे केस उभे राहतात. मांजराचे असे केस उभे राहिले की ते दुप्पट आकाराचं दिसतं आणि शत्रू बिचकतो. आपल्या अंगावर केस उरलेत किती! तरी शरीर इमानेइतबारे आहेत तेवढे उभे करतं.

मांजराचं नाव उगाच नाही घेतलं. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९११ साली हाच प्रयोग केला. मांजरासमोर भुंकणारं कुत्रं आणायचं आणि मग मांजराच्या रक्तात काय उतरलंय ते तपासायचं. 'लढा किंवा पळा' ही आज सगळ्यांच्या तोंडी असलेली कल्पना त्यांचीच. ती भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर अगदी बरोबर आहे. पण कॅनन साहेबांनी आठ-बावीसची लोकल पाहिली नव्हती. ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी असतात, आणि रेल्वेच्या भाषेत त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नाव आहे. या लोडमध्ये लढायचं तर हात वर काढता आला पाहिजे. पळायचं तर दोन उपाय, दार किंवा छत, आणि दोन्ही जिवाला महाग. म्हणून आपल्या लोकांनी तिसरा पर्याय काढला. जगातल्या कुठल्याच शरीरशास्त्राच्या पुस्तकात तो छापलेला नाही. 'जरा ॲडजस्ट करा.' रक्तात साखर ओतून झालेली, स्नायू तटतटलेले, हृदय धडधडतंय, आणि प्रत्यक्षात माणसाने केलं काय, तर बॅग पाठीवरची पोटावर घेतली.

ॲड्रेनॅलिनचं एक बरं असतं. ते फार वेळ थांबत नाही. दोन-तीन मिनिटांत रक्तातलं निम्मं संपतं. मीरा रोड सोडून दहिसर येईपर्यंत पारा बराच खाली आलेला असतो. आणि नेमकं तेव्हाच करंगळीवाल्याचा फोन वाजतो आणि तो बोलतो, "हां, बोल गं. डबा घेतला. भरलीय गाडी."

"तुम्ही मराठी?"

"मग? तुम्हीपण? अहो, मग आधी बोलायचं नाही का!"

"मूळचे कुठले?"

"देवगडकडचे."

"काय सांगता! आमची आत्या दिलीय देवगडात."

इथे भांडण मिटतं. दहिसरलाच मिटतं. बोरिवलीपर्यंत आत्याचं घर बाजारपेठेतून कुठल्या अंगाला, हे ठरलेलं असतं.

पण ही सगळी दिलजमाई झाली डोक्यात. ॲड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या थराला तिचा पत्ता नसतो. तिथलं खातं वेगळं आणि तिथली चाल वेगळी. करंगळी दुखली तेव्हाच मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसने एक रसायन सोडून पिट्युटरीला कळवलेलं असतं. पिट्युटरीने दुसरं रसायन रक्तात सोडून ॲड्रिनलला कळवलेलं असतं, आणि ॲड्रिनलने कॉर्टिसॉल बनवायला घेतलेलं असतं. या ग्रंथींच्या कारभारात निरोप जातो रक्तातून, आणि रक्त फिरतं आपल्या गतीने. कॉर्टिसॉलची पातळी शिगेला पोचते ती मूळ प्रसंगानंतर वीस-तीस मिनिटांनी. म्हणजे अंधेरीला. देवगडवाला वांद्र्याला उतरायच्या तयारीत हसून निरोप घेतोय, आणि आपण विनाकारण खिडकीतल्या माणसाकडे डोळे वटारून बघतोय. रक्तातलं निम्मं कॉर्टिसॉल ओसरायला तास-दीड तास लागतो. त्यामुळे चर्चगेटला उतरून कचेरीत पाऊल टाकलं की साहेब विचारतात, "काय हो, आज चेहरा असा का?" आता काय सांगणार? दहिसरला मिटलेल्या भांडणाचा हा उरलेला भाग आहे, असं सांगून कुणाला पटत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की कचेऱ्यांमधली निम्मी भांडणं ही पश्चिम रेल्वेवर सुरू होऊन जागा न मिळाल्यामुळे पुढे ढकललेली असतात.

शास्त्रज्ञ म्हणतात, ही व्यवस्था मुळात वाघ-बिबट्यांसाठी होती. आदिमानवासमोर झुडपातून जनावर यायचं, शरीर पेटून उठायचं, माणूस जीव घेऊन पळायचा, आणि पळण्यात सगळी साखर नि सगळा ताण जळून जायचा. आता शहरात बिबट्या नाही, पण यंत्रणा तीच राहिली, असं ते हळहळून लिहितात. ते लिहिणारे बोस्टन नाही तर लंडनमध्ये राहतात. मीरा-भाईंदरला बिबट्या आहे! संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं १०३ चौरस किलोमीटर जंगल आमच्या पूर्वेच्या कुंपणाला लागून आहे आणि त्यात पन्नासच्या आसपास बिबटे राहतात. काशिमीरा, चेणे, वर्सावे या बाजूच्या लोकांना बिबट्या ही पुस्तकातली गोष्ट नाही. म्हणजे आदिमानवाची यंत्रणा जिथे खऱ्या कामाला यावी अशी देशातली जी मोजकी शहरं आहेत, त्यांत आमचा नंबर लागतो. आणि आम्ही काय करतो? बिबट्या आल्याची बातमी आली की मोबाइल काढून जीव खाऊन पळतो, बिबट्याच्या दिशेने. भीती वाटत नाही, व्हिडिओ हुकेल याची चिंता वाटते. हातपाय गार पडतात ते पाण्याची टाकी भरली नाही हे कळल्यावर.

पाणी हा आमच्या शरीररचनेचा वेगळाच धडा आहे. नळाला पाणी येण्याची वेळ पहाटेची असेल, तर घड्याळाचा गजर वाजायच्या आधी पाच मिनिटं घरातली बाई जागी होते. याचं कौतुक आजवर तिच्या वाट्याला आलं नाही. जर्मनीतल्या ल्यूबेक विद्यापीठाने मात्र १९९९ साली यावर प्रयोग केला. काही जणांना सांगितलं, तुम्हाला सकाळी सहाला उठवू. दुसऱ्यांना सांगितलं, नऊला उठवू. ज्यांना सहा सांगितलं होतं त्यांच्या रक्तात पिट्युटरीचं ते ॲड्रिनलला जागं करणारं रसायन पाचनंतरच चढायला लागलं. माणूस गाढ झोपेत, आणि शरीर कामाला लागलेलं! ज्यांना नऊ सांगून सहालाच हलवलं त्यांच्यात ही आगाऊ तयारी झालीच नाही. म्हणजे झोपताना मनाशी वेळ पक्की केली की शरीर ती पाळतं. ल्यूबेकला हे नळाविना कसं सुचलं, याचं नवल वाटतं.

आणि झोपही बघा कशी निवडक असते. रुळांलगतच्या इमारतींत रात्री मालगाडी जाते तेव्हा काचा थरथरतात, कपाटातले स्टीलचे पेले एकमेकांना भेटतात, पण घरात कुणाची कूस बदलत नाही. कानाने आवाज ऐकलेला असतो. मेंदूने तो 'रोजचाच' म्हणून बाजूला ठेवलेला असतो. तेच गच्चीवरच्या टाकीत पाण्याची धार नुसती बारीक झाली, तर चौथ्या मजल्यावरच्या काकू अंधारात उठून बसतात. पाहुणे आले की हे उलटं होतं. पुण्याहून आलेला मेहुणा मालगाडीला दचकून रात्रभर जागा राहतो आणि सकाळी आंघोळीचं पाणी जाईपर्यंत घोरतो.

आतापर्यंत सेकंद, मिनिटं आणि तासांचा हिशेब झाला. आठवड्यांच्या हिशेबाने चालणारी एक ग्रंथी गळ्यात आहे, थायरॉइड. आमच्या इमारतीत वजन वाढलं, केस गळले, सून उलट बोलली, दुपारी झोप आली, तर दोष थायरॉइडवर जातो. बिचारी शांतपणे थायरॉक्सिन बनवत असते. त्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू लागतात. एकदा रक्तात उतरलेलं थायरॉक्सिन निम्मं व्हायला जवळजवळ सात दिवस लागतात. म्हणून थायरॉइडची गोळी सोमवारी सुरू करून मंगळवारी तब्येतीत फरक शोधणाऱ्यांनी धीर धरावा.

इथे भाईंदरचा संबंध येतो तो मिठाने. गाडीच्या खिडकीतून खारफुटीच्या मधून मिठागरांची चौकोनी जमीन दिसते. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, उन्हात वाळवायचं, मीठ ओढायचं, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. कुणालाही वाटेल, समुद्राशेजारी राहून मीठ खाणाऱ्याला आयोडीनची काय कमी? पण पाणी वाळवून केलेल्या साध्या मिठात आयोडीन जवळजवळ उरतच नाही. ते वरून घालावं लागतं. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात काही गावांना आयोडीन घातलेलं मीठ दिलं, काहींना साधंच दिलं. आयोडीनवाल्या गावांतले गलगंड कमी होत गेले. १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आली, मग २००० साली उठली, मग २००६ पासून पुन्हा लागू झाली. हे सगळं कशासाठी, तर मोठ्या माणसाला दिवसाला लागणाऱ्या १५० मायक्रोग्रॅमसाठी. सत्तर वर्षांचं एकदम मोजून घेतलं तरी चार ग्रॅमच्या आत बसतं. एवढ्याशा ऐवजासाठी शरीराने गळ्यात स्वतंत्र ग्रंथी ठेवली आणि सरकारने कायदा केला, दोघांनाही दाद द्यावी लागेल.

आयोडीनचा दुसरा मार्ग उत्तनहून येतो. भाईंदर पश्चिमेच्या स्टेशनाबाहेरून उत्तनची बस सुटते, आणि परतीच्या बसमध्ये कधी एखाद्या मावशींच्या टोपलीत सुके बोंबील असतात. वास ही पाच इंद्रियांतली अशी बातमी आहे की ती मेंदूत शिरताना वाटेत थॅलॅमसचं नाकं घेत नाही. बाकीच्या इंद्रियांचे निरोप आधी तिथे जातात. वास थेट आत, भावना आणि आठवणींच्या शेजारी जाऊन उभा राहतो. म्हणून तो टोपलीतला वास आला की बसमध्ये क्षणात दोन पक्ष पडतात. एकाच्या तोंडाला पाणी सुटतं, त्याला आजीची चूल, तांदळाची भाकरी आणि पावसाळी दुपार दिसते. शेजारी बसलेल्या शुद्ध शाकाहारी गृहस्थांच्या तोंडालाही पाणी सुटतं, पण ते ओकारी येण्यापूर्वी सुटतं ते. नाकं सारखी, तंतू सारखे, लाळेच्या ग्रंथी सारख्या. निकाल मात्र उलटा. मावशी दोघांकडे बघून शांतपणे म्हणतात, "काका, खिडकी उघडा ना." खिडकी उघडली की मागच्या तीन सीटांना वास लागतो आणि पक्ष मोठे होतात.

तोंडाला पाणी सुटणं, पोटात हालचाल सुरू होणं, हृदय संथ होणं ही कामं ॲड्रेनॅलिनच्या विरुद्ध बाजूच्या तंतूंकडे असतात. त्यांतला मोठा सरदार म्हणजे व्हेगस, मेंदूच्या देठापासून छाती-पोटापर्यंत उतरलेला. तो हृदयाला 'सावकाश' म्हणून सांगतो ते विजेने की रसायनाने, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांत हमरीतुमरी होती. ती सोडवायचा प्रयोग ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या ओटो लोवी यांना चक्क स्वप्नात सुचला. रात्री उठून त्यांनी तो कागदावर खरडला, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दिवसभर कागद उलटासुलटा धरून पाहिला. नशिबाने पुढच्या रात्री तीनला तेच स्वप्न परत पडलं. या वेळी ते लिहीत बसले नाहीत, उठून तडक प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस चेतवला, ते संथ झालं. त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, तर तेही संथ झालं. तंतूचं टोक रसायन सोडतं, हे सिद्ध झालं. १९२१ साली निबंध आला, १९३६ साली नोबेल मिळालं. सरकारी दवाखान्यातल्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या आमच्या केमिस्टला तो कागद दाखवला असता तर एक रात्र वाचली असती.

लोवींमुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. मज्जासंस्था वेगळी आणि ग्रंथी वेगळ्या, अशी जी आखणी आपण नववीत दोन स्वतंत्र आकृत्या काढून पाठ केली, ती शरीराने फारशी मनावर घेतलेली नाही. तंतूही रसायनच सोडतात, फक्त शेजाऱ्याच्या कानात. ग्रंथी तेच रक्तात सोडतात, म्हणजे सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. ॲड्रिनलचा गाभा तर गर्भात मज्जातंतूंच्याच घराण्यातून जन्माला येतो.

हे सगळं एकत्र, एका छताखाली, एका वेळी बघायचं असेल तर मीरा-भाईंदरमध्ये त्याला वर्षातून एक दिवस ठरलेला आहे. सहकार कायद्याप्रमाणे प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीने वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. सूचनापत्रावर वेळ असते रविवारी सकाळी साडेदहा. साडेदहाला सेक्रेटरी, वॉचमन आणि खुर्च्या एवढेच हजर असतात. गणसंख्या नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग गणसंख्येविना चालू होते. कायदा लिहिणाऱ्याने ही अर्ध्या तासाची सोय ॲड्रिनल ग्रंथी डोळ्यांपुढे ठेवून केली असावी, अशी माझी समजूत आहे, पण त्या वेळात सभासद शांत न होता जमून गळतीची चर्चा सुरू करतात.

बारापर्यंत हिशेब मंजूर होतात, कारण हिशेब कुणी वाचलेले नसतात. साडेबाराला पार्किंग निघतं. सकाळचे चहा-पोहे पचून गेलेले. रिकामं पोट ग्रेलिन सोडून मेंदूला भूक कळवतं. रक्तातली साखर उतरू लागली की स्वादुपिंड ग्लुकॅगॉन सोडतं. ती आणखी खाली गेली तर मदतीला येतं तेच ते ॲड्रेनॅलिन. आणि ॲड्रेनॅलिन एकदा आलं की ते भुकेसाठी आलंय की दोनशे तीनच्या बाथरूमच्या गळतीसाठी, हे हृदयाला कळत नाही. ते आपलं धडधडतं.

"सेक्रेटरी साहेब, मागच्या वर्षीसुद्धा तुम्ही हेच बोलला होतात."

"अहो काका, मला एक मिनिट बोलू द्या."

"वर्षभर बोलताय. छत गळतंय आमचं!"

सेक्रेटरींचा घसा कोरडा पडतो, ते पाणी पितात. खजिनदारांचे हात थंड झालेले असतात. मागच्या रांगेतला एक भाडेकरू, ज्याला मतदानाचा हक्क नाही, तो सगळ्यांत मोठ्याने बोलतो. एक वाजून चाळीस मिनिटांनी, सगळ्यांचं कॉर्टिसॉल ऐन भरात असताना, वॉचमन दारात खोके घेऊन उभा राहतो. समोसा, वेफर, एक पेढा. सभासद आधीच निघून जाऊ नयेत म्हणून हा खाऊ शेवटी ठेवायचा रिवाज आहे. आणि पाहा, दहा मिनिटांत दोनशे तीनवाले काका सेक्रेटरींना आपल्या खोक्यातला पेढा देत असतात, "मला शुगर आहे, तुम्ही घ्या."

म्हणून मीरा-भाईंदरमधल्या तमाम सोसायट्यांच्या सेक्रेटरींना हात जोडून विनंती आहे. सभेची सूचना चौदा दिवस आधी लावावी लागते, तेव्हा अजून वेळ गेलेली नाही. यंदाच्या कागदावर विषय क्रमांक १ म्हणून समोसे घ्या. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं हा विषय क्रमांक २ झाला, तरी आमची हरकत नाही.